मोहाच्या मुलखात

आमच्या शेजारची मंडळी सुटीत मुलाबाळांसह नाशिकला जातात. मुले द्राक्षमळ्यांत हुंदडतात, वडीलमंडळी तिथली वाइन चाखतात. यंदा एप्रिलमध्ये मीही मुलांना मद्याच्याच मुलखात न्यायचे ठरवले, पण गोंदिया जिल्ह्यातल्या! "मुलांना काय दारू गाळायला शिकवणार आहात?" सौ.ने विचारले. मी म्हटले, "झाड दाखवणार आहे."

विदर्भ एक्स्प्रेसने गोंदिया, पुढे एस.टी.ने नवेगावबांध. तिथला अफाट तलाव पाहून धाकटा बाळू ‘समुद्र, समुद्र’ म्हणून नाचू लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच आम्ही गावाबाहेर निघालो. मोहाचे फूल रात्रभर गळत राहते. ऊन चढायच्या आत ते वेचावे लागते. झाडाखालची जमीन झाडून स्वच्छ केलेली आणि तिच्यावर पिवळसर, रसरशीत फुलांचा सडा. पुष्कळ जण फूल दिसावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. त्यातून कधीकधी वणवाही पेटतो. शिवाय अस्वलालाही हे फूल फार प्रिय! हे ऐकताच बाळूने माझा सदरा घट्ट धरला.

एक गोंड आजी नातीबरोबर फुले वेचत होत्या. नात आमच्या सईएवढीच, आठ वर्षांची. तिची टोपली अर्धी भरली होती. सई अजून जांभया देत होती. आजींनी सईच्या ओंजळीत चार फुले ठेवली. सौ.ने माझ्याकडे पाहिले; मी मान हलवली. सईने फूल तोंडात टाकले आणि म्हणाली, "बाबा, हे तर गुळासारखं लागतं!"

आजींच्या अंगणात फुले वाळत पडली होती. वाळली की अगदी मनुकांसारखी दिसतात. पावसाळ्यात घरात धान्य संपले की हीच उकडून खायची. उरतील ती बाजारात. फुलामागून येणाऱ्या टोळीचे तेल निघते. आम्हा शहरवासीयांना मात्र एवढ्या मोठ्या झाडात एक बाटलीच दिसते. सरकारचेही तसेच. मुंबई सरकारने १८९२ साली ठाणे-कुलाबा भागात या फुलांवर कायदाच केला होता. महाराष्ट्रात फुले गोळा करण्यावरची, बाळगण्यावरची बंधने २०२१ साली सैल झाली.

हे सारे मी उत्साहाने सौ.ला सांगत होतो. आजी शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "गुरुजी, या फुलानं माझी पोरं जगवली. अन् याच फुलाच्या दारूनं माझा माणूस नेला."

माझे व्याख्यान तिथेच थांबले. वीस वर्षे मी वर्गात ‘मोह’ या शब्दाचा अर्थ सांगत आलो आहे. त्या अंगणात मला एक वाक्यही सुचेना.

परतीच्या गाडीत सईने विचारले, "बाबा, मग झाड चांगलं की वाईट?"

उत्तर सौ.ने दिले. "झाड चांगलंच आहे ग. पण ती तुझ्याएवढी मुलगी पहाटे उठून वेचत होती, ते विसरू नकोस."

सईने रुमालाची गाठ सोडली. तीन फुले उरली होती. तिने ती खाल्ली नाहीत. पुन्हा गाठ मारून ठेवली.