ओंजळीतला खडा

दुःखाच्या दिवसांत रिकाम्या हातांना काहीतरी धरायला लागते, हे आपल्या पूर्वजांनी फार आधी ओळखले होते. वाचकहो, घरातील मृत्यूनंतरचे विधी आपण जवळून पाहिले असतील, तर 'अश्मा' आपल्याला ठाऊक असेल. दहनाच्या वेळी घेतलेला तो एक साधा दगड. अनेक घरांत त्याला 'जीवखडा' म्हणतात. दहा दिवस त्यावर तिलांजली द्यायची आणि मग त्याचे विसर्जन करायचे. ज्या माणसाला आता स्पर्श करता येत नाही, त्याच्या जागी स्पर्श करता येईल असे काहीतरी हाती द्यावे, आणि ठरावीक दिवसांनी ते सोडायलाही शिकवावे, यात मनाची मोठी जाण आहे.

म्हणूनच आज एखाद्या शोकग्रस्ताला कोणी स्फटिकाची माळ किंवा जांभळा ॲमेथिस्ट दिला, तर मला नवल वाटत नाही. आपल्या पंचायतनात सूर्याच्या स्थानी स्फटिक आणि विष्णूच्या स्थानी शाळिग्राम पूजिला जातो. दगडाशी आपले नाते जुने आहे. प्रश्न एवढाच की, त्या दगडाकडून आपण कशाची अपेक्षा ठेवावी?

माझे यजमान पाटबंधारे खात्यात होते. नाशिक जिल्ह्यातील एका विहिरीच्या खोदकामातून त्यांनी एकदा पेंढीच्या आकाराचा, फिकट केशरी रंगाचा एक स्फटिक घरी आणला होता. त्याचे नाव स्टिल्बाइट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारस पसरला, थिजताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्या पोकळ्यांत झिरपलेल्या पाण्यातून असे स्फटिक घडले. त्यांच्या घडणीत आजही पाणी असते. तापवले की ते वाफ होऊन बाहेर पडते. ही माहिती ते प्रत्येक पाहुण्याला सांगत आणि मी प्रत्येक वेळी कंटाळत असे. चार वर्षांपूर्वी ते गेले. त्यानंतर घरात तो स्फटिक होता आणि ती गोष्ट सांगणारे कोणी नव्हते.

पहाटे तीनच्या सुमारास जाग येण्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल. अशा वेळी मी तो खडा हातात घेऊ लागले. दगड प्रथम थंड लागतो, कारण तो आपल्या तळव्याची ऊब शोषून घेत असतो. हळूहळू तो हाताइतकाच उबदार होतो. तेवढा वेळ डोळे मिटून, श्वास सावकाश सोडत बसावे. खड्याचे वजन, कडा, खडबडीतपणा यांकडे लक्ष गेले की भरकटणारे मन थोडे जागेवर येते. दुःख जात नाही. पण ती दहा मिनिटे निभावतात, आणि शोकात दहा मिनिटे निभावणे लहान गोष्ट नसते.

यात स्फटिकाची काही गूढ शक्ती आहे का? लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयातील मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रेंच यांनी २००१ मध्ये मांडलेल्या प्रयोगात काहींना खरे, तर काहींना बनावट स्फटिक हाती दिले होते. दोन्ही गटांना सारख्याच संवेदना जाणवल्या. मला या निष्कर्षाने निराश केले नाही. सांत्वन खनिजातून येत नसेल, तर ते स्पर्शातून, श्वासातून आणि आठवणीतून येते. आणि त्यासाठी महागडा दगड लागत नाही. त्यांच्या चष्म्याचे घर किंवा आईची अडकित्ताही तेच काम करील.

मात्र येथेच सावध राहायला हवे. माझ्या धाकट्या जावेचा तरुण मुलगा गेला, तेव्हा एका विक्रेत्याने तिला एकामागून एक खड्यांची ब्रेसलेटे विकली. गोळ्यांमुळे खड्याचा प्रभाव अडतो, असे सांगितल्यावरून तिने रक्तदाबाची औषधे थांबवली. घेरी येऊन ती न्हाणीघरात पडली, तेव्हा कुठे हे घरात कळले. तिने दगडावर विश्वास ठेवला, कारण त्या दिवसांत तिच्याजवळ बसणारे दुसरे कोणी नव्हते. ही खंत आम्हा सर्वांची आहे.

शुश्रूषा करणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. खडे भिजवलेले पाणी कोणालाही पिऊ देऊ नये. मॅलाकाइटमध्ये तांबे असते, गॅलिनामध्ये शिसे. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीच्या हाती तोंडात मावेल असा लहान खडा देऊ नये. तळहातभर, गुळगुळीत दगड बरा. स्फटिकाचा गोल खिडकीच्या उन्हात ठेवू नये, त्यातून किरण एकवटून कापड पेटू शकते. आणि कोणतेही औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

शोक हा आजार नव्हे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू केलेल्या रोगवर्गीकरणात 'दीर्घकालीन शोकविकार' स्वतंत्रपणे नोंदला आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ, आपल्या समाजातील रीतीच्या पलीकडे, तीव्र ओढ किंवा वेदना टिकून राहिली आणि रोजचे जगणे अडू लागले, तर तज्ज्ञांची मदत घ्यावी. जेवण तुटले किंवा जगणे नकोसे झाल्याची भाषा ऐकू आली, तर मात्र सहा महिने थांबू नये. केंद्र सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तो चोवीस तास उपलब्ध असतो.

आपल्या घरात कोणी एखादा खडा उराशी धरून बसत असेल, तर त्याला हसू नका आणि तो काढूनही घेऊ नका. शेजारी बसा आणि विचारा, "हा कुणाची आठवण?" पुढचे ते सांगतील. ती गोष्ट आपण आधी दहा वेळा ऐकलेली असली, तरी अकराव्यांदा ऐका.