रिकाम्या टोपल्या

मेणाच्या ठोकळ्यातून मेंदूचा काप काढायचा तर पातं धारदार हवं आणि हात शांत. पाच मायक्रॉनचा काप कोमट पाण्यावर पसरायचा, काचेवर उचलायचा, मग रंगवायचा. भिसेगावहून कर्जत स्टेशन गाठून मुंबईच्या प्रयोगशाळेत मी वर्षानुवर्षं हेच करत आले. पेशी दाखवणं माझं काम. नाहीशी झालेली पेशी ओळखायला मात्र उशिरा शिकले.

लहान मेंदूत पुर्किंजे पेशी एका ओळीत बसतात. शेजारच्या चेतापेशींचे तंतू प्रत्येकीभोवती टोपली विणतात. रोगानं पेशी मेली तरी टोपली बरेचदा राहते. चांदीच्या क्षारानं रंगवलेल्या कापात ती पहिल्यांदा दिसली तेव्हा रंगच बिघडला असं वाटून दुसरा काप रंगवला. काळे धागे तसेच, आत कोणी नाही.

नोशीर वाडिया यांनी मुंबईत पाहिलेली ९ कुटुंबं मला त्यामुळेच जवळची वाटतात. त्या रुग्णांचा तोल जाई आणि नजर वळवताना डोळे विलक्षण सावकाश सरकत. १९७१ मध्ये वाडिया आणि स्वामी यांनी हा आनुवंशिक आजार मांडला; जनुक सापडलं १९९६ मध्ये. त्यातली तीन अक्षरं वाजवीपेक्षा जास्त वेळा येतात, प्रथिनातला ग्लुटामिनचा पट्टा लांबतो आणि पुर्किंजे पेशी वर्षानुवर्षं एकेक करून गळतात.

गर्भातलं मरण निराळं. रीता लेव्ही-मोंताल्चिनी यांनी युद्धकाळात तुरीनमधल्या घरच्या खोलीत कोंबडीच्या भ्रूणांवर काम केलं. वाढू पाहणारा अवयव खुडला की त्याच्याकडे निघालेल्या चेतापेशी मरत. पुढे त्यांनी चेतापेशींना जगवणारा घटक शोधला. १९८६ चं नोबेल त्यासाठीच. अवयव न खुडताही, स्नायूंकडे जाणाऱ्या चेतापेशींपैकी जवळपास निम्म्या जन्माआधीच जातात, कारण पोसणारा घटक सगळ्यांना पुरत नाही.

अंगणातला आंबा मोहरतो तेव्हा मला हे आठवतं. झाडाला पोसवतील तेवढ्याच कैऱ्या टिकतात, बाकीच्या कोवळ्याच झडतात. गर्भातली मेलेली पेशी शेजारणी काही तासांत गिळून टाकतात, म्हणून तिला कापात पकडणं फार अवघड. तिची टोपली अजून विणलेलीच नसते.

रोग्याच्या मेंदूचा काप आला की मी आधी रिकाम्या टोपल्या मोजते, भरलेल्या नंतर.