उजळ रंगाचं पुस्तक

जुनं 'स्कूबी-डू' ज्यांनी टीव्हीवर पाहिलंय, त्यांना ही गंमत सांगायला नको. पडक्या वाड्यातलं ग्रंथालय, भिंतभर पुस्तकं, सगळी काळपट जांभळी. त्यात एकच पुस्तक जरा उजळ, सपाट रंगाचं. भित्रा शॅगी त्यालाच हात लावणार आणि कपाट गर्रकन फिरणार, हे शेंबड्या पोरालाही आधी कळायचं. कारण सरळ होतं. 1969 साली सुरू झालेलं हे हॅना-बार्बेराचं काम, टीव्हीच्या बजेटात आणि टीव्हीच्या घाईत केलेलं. मागचं चित्र कागदावर छटा-सावल्यांसकट रंगवलेलं असे. जे हलणार, ते मात्र पारदर्शक सेलवर, मागच्या बाजूने सपाट रंग भरून. दोन्हींचा पोत जुळणार कसा?

मी फावल्या वेळात स्कूबीवर पॉइंट-अँड-क्लिक गेम बनवतो. पैसे मिळायचा प्रश्नच नाही. पात्रं वॉर्नर कंपनीची, त्यामुळे विकायचं नाव काढायचं नाही. 'किंग्ज क्वेस्ट' या जुन्या गेमच्या चाहत्यांनी 'द सिल्व्हर लायनिंग' हा आपला गेम घडवायला वर्षं घालवली आणि मधेच हक्कदारांनी काम थांबवायला लावलं. शेवटी 2010 मध्ये परवानगी मिळून तो आला. तेवढी धाकधूक धरूनच बसायचं.

काम चालतं 'अ‍ॅडव्हेंचर गेम स्टुडिओ' या सॉफ्टवेअरमध्ये. खोलीचं चित्र आत घेतलं की त्यावर खेळणाऱ्याला न दिसणारे रंग फासायचे. एका थरात हॉटस्पॉट, म्हणजे जिथे क्लिक केल्यावर काही घडेल त्या जागा. दुसऱ्यात पात्राला चालता येईल ती जमीन. तिसऱ्यात ज्याच्याआड पात्र लपेल ते खांब आणि खुर्च्या. हे सगळं जमतं. अडतं ते एवढ्यावरच की या पसाऱ्यात कामाचं काय, हे खेळणाऱ्याला कळावं कसं? अंधाऱ्या कोपऱ्यातली चार पिक्सेलची किल्ली शोधत माऊसने अख्खा पडदा झाडून काढायचा, हा या प्रकाराचा जुना रोग. काही जण त्यालाच आव्हान म्हणतात. मी त्याला छळ म्हणतो.

कार्टूनचा दोष इथे माझ्या पथ्यावर पडला. भिंती, पडदे, जिना मी खरखरीत ब्रशने गढूळ रंगवतो. जे उचलता, ओढता, ढकलता येतं त्याला काळी रेघ आणि एकच सपाट रंग. फायरप्लेसवर तीन मेणबत्त्या आहेत, पण मधलीच पिवळीधमक. ज्याने कार्टून पाहिलंय तो थेट तिच्याकडे जातो. वर, आपल्याला ही खूण कळली म्हणून त्याला हसूही येतं.

मग कोडं उरलंच कुठे? ते शॅगीत आहे. खेळणाऱ्याला मेणबत्ती दिसते, शॅगीला ती ओढायची नसते. तो थरथरतो, नाही म्हणतो, उलट्या दिशेला चालू लागतो. गेम डिझायनर रॉन गिल्बर्टने 1989 च्या लेखात मांडलेलं एक सूत्र मी अजून घट्ट धरून आहे: किल्ली सापडण्याआधी कुलूप दिसलं पाहिजे. माझ्याकडे कुलूप म्हणजे या माणसाची भीती. पहिल्या वेळी स्कूबी स्नॅकचा खाऊ पुरतो. तेच दर खोलीत चालवलं तर खेळणारा कंटाळेल, म्हणून पुढे सँडविच, मग टोळीतल्या व्हेल्माचा टोमणा, मग मागून येणारं भूत. भीतीला मोठी भीती दाखवली की तो निमूट पुढे सरकतो.

सगळ्यात जास्त वेळ खातात ती चुकीच्या क्लिकची उत्तरं. कुणीतरी सँडविच चिलखतावर वापरणारच. तिथे 'हे चालणार नाही' असं कोरडं वाक्य आलं की गेम मेला. शॅगीने म्हणावं, "याला भरवू? मग मी काय खाऊ?" अशी वाक्यं शेकड्यांनी लागतात आणि त्यातली बरीच कुणाच्या नजरेलाही पडत नाहीत.

भूत पकडायच्या सापळ्याचं दुखणं वेगळं. कार्टूनमध्ये टोळीतल्या फ्रेडचा सापळा बहुतेक वेळा फसतो आणि भूत भलत्याच गोंधळात सापडतं. बघायला मजा येते. पण खेळणाऱ्याने डोकं लढवून दोरी, जाळं, पिंप जुळवलं आणि आपण ते उधळलं, तर तो चिडणार, आणि योग्यच चिडणार. म्हणून मी काम उलटवलं. माझ्या गेममध्ये फ्रेड सापळा आधीच लावून बसलेला असतो, स्वतःवर खूश. तो सापळा कुठे फसेल हे हेरून तिथे पिंप सरकवून ठेवणं, हे खेळणाऱ्याचं काम.

शेवटी भुताचा मुखवटा. तो ओढण्याआधी मी संशयितांची चित्रं समोर ठेवतो आणि एक निवडायला लावतो. नाव चुकलं तरी मुखवटा निघतोच. फक्त मग व्हेल्मा सगळं समजावून सांगते, आणि तिचं ते भाषण मी मुद्दाम लांबलचक लिहिलंय. क्लिक करून ते पुढे ढकलता येत नाही.