लेकाच्या डोक्यावर आईचा ठिपका

‘गिरिराज’ कोंबडी महाराष्ट्रात खेडोपाडी पाळतात, पण ती मूळची बंगळुरूची हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. शहरातल्या मल्लेश्वरमच्या उत्तरेला, थोड्याच अंतरावर हेब्बाळ आहे. तिथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात हा वाण तयार झाला, तोही रंगीत पिसांचा. परसात मोकळी फिरणारी पांढरी कोंबडी घारीच्या नजरेत लगेच भरते. शिवाय गावरान म्हटलं की गिऱ्हाइकाला तांबडी, काळी नाहीतर कबरीच हवी असते.

मल्लेश्वरममध्ये जुन्या घराच्या परसात हौसेने कोंबड्या पाळणाऱ्या एका मराठी गृहस्थांना याची गंमत वाटते. पिसांचा रंग हा मोजक्या जनुकांचा खेळ. त्यावरून गावरानपण ठरत नाही. पांढरा रंगसुद्धा एका जातीचा नसतो. लेगहॉर्नचा पांढरा प्रभावी: काळ्या कोंबडीशी जोड लावली तरी पिल्लं पांढरीच, फार तर अंगावर काळे शिंतोडे. दुसरा पांढरा सुप्त, रंगीत जोडीदार मिळाला की पहिल्याच पिढीत दडी मारतो. दोन्ही पक्षी शेजारीशेजारी उभे केले तर भल्याभल्यांना ओळखू येत नाहीत. उबवणीनंतर पिल्लंच काय ते सांगतात.

त्यांचा आवडता मेळ मात्र वेगळाच. ऱ्होड आयलंड रेडचा तांबडा कोंबडा आणि करड्या पट्ट्यांची प्लायमाउथ रॉक कोंबडी. पिल्लं सगळी काळी निघतात. एकेक तळहातावर घेऊन डोकं बघायचं: टाळूवर फिकट ठिपका असेल तर नर, नसेल तर मादी. पहिल्याच दिवशी निवाडा! पट्ट्यांचं जनुक झेड गुणसूत्रावर असतं. कोंबड्याकडे झेड दोन, कोंबडीकडे एकच, आणि ते ती फक्त लेकांना देते. लेकींच्या वाट्याला बापाचं बिनपट्ट्याचं झेड येतं. जोडी उलटी केली, म्हणजे कोंबडा पट्टेदार घेतला, की लेक-लेकी दोघेही पट्टेदार होतात आणि युक्ती फसते.

कडकनाथचं गणित याच वाटेने जातं. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या या कोंबडीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि काळी पिसं दाखवून भाव सांगणारे वाढले. पण पिसांचा काळेपणा वेगळा आणि कातडी, मांस, हाडांपर्यंत उतरलेला वेगळा. हा दुसरा काळेपणा प्रभावी खरा, तरी त्याला कातडीत दाबून टाकणारं एक जनुक असतं आणि तेही झेडवरच. कडकनाथ कोंबडा आणि फिकट पायांची साधी कोंबडी यांच्या संकरात लेकी काळ्याभोर निघू शकतात, त्यांचे भाऊ मात्र उजळ.

त्यामुळे कडकनाथ म्हणून काळी तलंग कुणी पुढे केली, की हे गृहस्थ पिसाऱ्याकडे बघतही नाहीत. चोच उघडून जीभ पाहतात आणि मग विचारतात, “हिचे भाऊ कुठेत?”