संसर्गदोष

पाप ज्याचे त्याने फेडावे, ते शेजाऱ्यास चिकटत नाही, अशी आमची महाविद्यालयात शिकत असतानाच ठाम समजूत झाली होती. ही समजूत इंग्रजी विद्येने दिली असे म्हणावे, तर इंग्रजी शिकविणारास ज्या बायबलाची पाने वारंवार उलटावी लागतात, त्यात नेमका याच्या उलट मजकूर आहे. यरीहो नगर पडल्यावर लुटीतील वस्तू कोणी आपल्यापाशी ठेवू नये, अशी आज्ञा असता आखान नावाच्या माणसाने एक झगा, २०० शेकेल रुपे व ५० शेकेल वजनाची सोन्याची वीट आपल्या तंबूत पुरून ठेविली. पुढे आय नावाच्या लहानशा गावावर चालून गेलेल्या इस्राएल लोकांची दाणादाण उडाली व ३६ माणसे मारली गेली. त्या ३६ जणांस झग्याची वार्ताही नव्हती! ही कथा वर्गात निघाली की, 'रानटी काळची न्यायबुद्धी' असा शेरा मारून आम्ही पुढे जात असू.

आमच्या शास्त्रकारांनाही असेच वाटत होते. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात ब्रह्महत्या, सुरापान, चोरी व गुरुपत्नीगमन ही महापातके सांगून, ती करणारांशी संसर्ग ठेवणे हे पाचवे महापातक ठरविले आहे. या तत्त्वाचे पुण्यात १८९० साली काय झाले, हे वाचकांस ठाऊक असेलच. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. नावे वर्तमानपत्रात छापली गेली, ग्रामण्य माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. त्याविषयी रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे. पेला एकाने तोंडाला लावावा आणि पंक्ती साऱ्या घराच्या तुटाव्या, याला हसण्यावाचून दुसरे काय करावे? आम्हीही हसत आलो.

आमचे हसणे थांबले ते आमच्या गावच्या विठ्ठलमंदिरात.

आषाढीस आमच्या गावची लहानशी दिंडी पंढरपुरास जाते. आम्ही नोकरीनिमित्त शहरात राहतो; पण शिकलेला माणूस म्हणून मंदिराचे व दिंडीचे हिशेब वर्षातून एकदा तपासून खाली सही करण्याचे काम गावकऱ्यांनी आमच्याकडे दिले होते. पैसा विणेकरीबुवांच्या हाती असे. बुवांचा आवाज असा की, काकड्याला त्यांनी पहिला स्वर लावला म्हणजे अंथरुणातले म्हातारे उठून बसावेत. एका वर्षी सभामंडपाच्या कौलांपोटी ११,००० रुपये खर्ची पडलेले आम्हांस दिसले, पण पावती नव्हती. विचारले, तेव्हा बुवांनी दार लोटून घेतले. मुलीच्या लग्नात हात आखडला होता. उसाचे बिल आले की भरतो, असे म्हणून त्यांनी गळ्यातील तुळशीच्या माळेवर हात ठेविला. आम्ही सही केली. दया आली हे खरे. आमची परतीची गाडी चुकेल ही धास्तीही तितकीच खरी होती.

दोन वर्षांनी पावसाळ्यात मंडप गळू लागला, कोणीतरी कौलांच्या व्यापाऱ्याकडे चौकशी केली, आणि सारे उघडकीस आले. बुवांनी जमिनीचा तुकडा विकून रक्कम भरली. वीणा त्यांच्या गळ्यातून गेली. व्यवहाराच्या दृष्टीने येथे सर्व संपले होते.

पण त्या वर्षीची दिंडी आम्ही पाहिली. पूर्वी बायका ज्वारीचे पीठ आणून ओतीत आणि मागे न पाहता जात. आता त्या तराजूपाशी उभ्या राहत. आदल्या वर्षी माळ घातलेल्या एका तरुणाने ती उतरून देवापुढे ठेविली. 'त्यांच्या तोंडून ऐकलेलं खरं की खोटं, ते आता मी कोणाला विचारू?' एवढेच तो म्हणाला. वारकऱ्यांत परस्परांच्या पाया पडण्याची रीत आहे. तेथे वय पाहत नाहीत, जात पाहत नाहीत. समोरच्याच्या ठायी देव आहे एवढे मानून वाकावयाचे. लोक त्याही वर्षी वाकत होते. मात्र वाकण्यापूर्वी क्षणभर समोरच्याच्या तोंडाकडे निरखून पाहत होते. ११,००० रुपये भरून आले. हा क्षण कोणत्या खात्यातून भरून काढावयाचा? मनूचा संसर्ग शिवाशिवीचा, तो आम्हांस आजही मान्य नाही. परंतु ज्यांनी बुवांस शिवलेही नव्हते, त्यांच्याही नमस्कारात तो दोष उतरला होता.

आणि आमचे काय? बुवांनी आमचे नाव घेतले नाही. उलट गावकरीच येऊन म्हणाले, 'सर, तुमच्यासारख्याला फसवलं म्हणजे काय!' आम्ही मान हलविली. आखानाने निदान झगा आपल्याच तंबूत पुरला होता.

त्याच वर्षी मंदिरात हरिनाम सप्ताह झाला. सप्ताहात वीणा खाली ठेवावयाची नसते. दिवसरात्र कोणी ना कोणी ती घेऊन उभा राहतो. रात्री दोन ते चार आमचा पहारा होता. चार वाजून गेले तरी पुढचा मनुष्य येईना. पाय भरून आले. बाहेर दीपमाळेपाशी घोंगडी पांघरून बुवा बसले होते. आठवडाभर ते रोज तेथेच बसत, आत येत नसत. आम्ही त्यांना खुणेने बोलाविले. त्यांना उठावयास पुष्कळ वेळ लागला. वीणा देताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडावयाचे असते. ते पडले. आम्ही वाकू लागलो, तो त्यांनी आमचे हात वरच्यावर धरले. 'माउली, राहू द्या,' ते म्हणाले. त्यांनी आमचा मान राखला, की आमचा नमस्कार नाकारला, हे आम्हांस अजून उमगलेले नाही.

सकाळी आम्ही विश्वस्तांपैकी दोघांस बाजूस घेऊन सहीची हकीकत सांगितली. एक म्हणाले, 'झालं गेलं, आता कशाला उकरता?' दुसरे काही बोलले नाहीत. त्यांनी कपाटातून ती वही काढली, आमच्या सहीचे पान उघडले आणि पेन पुढे केले. सहीखाली थोडी जागा होती. तेथे आम्ही चार ओळी लिहिल्या.

त्यानंतर गावाहून हिशेबाच्या वह्या आमच्याकडे आलेल्या नाहीत.