डावं पान

माझ्याकडे उपदेशांच्या नऊ वह्या आहेत. दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या. पहिलीत दोन्ही पानं गच्च भरलेली आहेत. दुसरीपासून मात्र उपदेश फक्त उजव्या पानावर लिहिलेला आहे, डावं पान कोरं सोडलंय. ही सवय मला एका शेतकऱ्यामुळे लागली. त्याला ते कधी कळलं नाही, मीही सांगितलं नाही.

1991 सालचा जून होता. मी तेव्हा हायस्कुलात मराठी शिकवायचो. पाळकसाहेब बाहेरगावी गेले की शेवगावकडच्या एका खेड्यात उपासना चालवायला मला धाडायचे. तिथलं देऊळ पत्र्याचं. सर आली की उपदेश थांबवायचा, ओसरली की पुढे सुरू. त्या रविवारी मी जुवावर बोललो. मत्तयाच्या अकराव्या अध्यायात प्रभू थकल्याभागल्यांना जवळ बोलावतो, माझं जू घ्या आणि माझ्यापासून शिका म्हणतो, तो उतारा. मी जय्यत तयारीने गेलो होतो. रोमी साम्राज्याचं जू, नियमशास्त्राचं जू, पापाचं जू असे तीन मुद्दे काढले होते. जू म्हणजे गुलामी, हे मी इतक्या आवेशात सांगितलं की मला माझंच कौतुक वाटलं.

उपासना सुटल्यावर चहा होतो. बशीतला चहा फुंकत एक म्हातारबाबा जवळ आले. सही करण्यापलीकडे त्यांना लिहिता येत नसे, हे मला ठाऊक होतं. ते म्हणाले, "गुरुजी, बोलला ब्येस. पण जू कधी एकट्याचं आसतं का?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"जुवाला दोघं लागत्यात. ह्यो गोऱ्हा हाय ना," त्यांनी कुंपणापलीकडे बोट दाखवलं, "त्याला एकट्याला जुपला तर त्यो काय शिकंल? थोरल्या बैलाच्या जोडीला घालायचा. थोरला वळला की ह्यो वळतो, थोरला थांबला की थांबतो. आन दोर मधोमध नाय बांधायचा. थोरल्याकडं सरकवायचा. मंग भार त्याच्या मानंवर जातो. गोऱ्ह्यानं नुसतं संगं चालायचं."

मी "हो का, छान" म्हणालो आणि बिस्किटाकडे वळलो.

हे "हो का, छान" मला आजही बोचतं. नकार परवडला, निदान त्यात समोरच्याशी भांडण तरी असतं. "हो का, छान" म्हणजे दार उघडून पाहुण्याला उंबऱ्यावरच उभं ठेवणं. परतीच्या एसटीत मी चरफडत होतो. ज्या माणसाने कधी टीका-ग्रंथ पाहिला नाही, त्याने मला व्याख्या सांगावी! नगर जवळ आल्यावर कुठे डोक्यात उजेड पडला की प्रभूच्या त्या बोलण्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत, जू आणि शिकणं. मी जुवावर पाऊण तास बोललो होतो. शिकण्यावर एक शब्दही नाही.

नंतर कधीतरी वाचलं की दुसऱ्या शतकातल्या जस्टिन नावाच्या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवलंय, येशू सुतारकाम करताना नांगर आणि जू बनवत असे. म्हणजे हा दाखला देणाऱ्याला दोर कुठे बांधायचा हे नक्कीच ठाऊक असणार. मला नव्हतं. मराठी शास्त्रात त्याच्या जुवाला 'सोयीचे' म्हटलंय. तो शब्द मी पाठ म्हणत आलो होतो. तो मानेच्या मापाशी जोडलेला आहे हे मानेवर जू न ठेवणाऱ्याला कसं कळावं?

प्रेषितांच्या कृत्यांत अपुल्लोसची गोष्ट येते. आलेक्सांद्रियाचा माणूस, शास्त्रात मुरलेला, वक्तृत्व असं की इफिसच्या सभास्थानात लोक ऐकत राहावेत. पण त्याला योहानाच्या बाप्तिस्म्यापुढचं ठाऊक नव्हतं. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला हे तंबू शिवणारं जोडपं त्या दिवशी ऐकायला बसलं होतं. त्यांनी भर सभेत त्याला अडवलं नाही. बाजूला घेऊन नीट समजावलं. जुन्या हस्तलिखितांत या ठिकाणी बायकोचं नाव नवऱ्याच्या आधी आहे, म्हणजे समजावण्यात पुढाकार बहुधा तिचा. आता गंमत पाहा, अपुल्लोस यावर काय म्हणाला ते लूकने लिहिलेलंच नाही. पुढच्याच वाक्यात तो अखयाला निघालाय आणि बंधुजन त्याच्यासाठी शिफारसपत्र लिहितायत. तंबू शिवणारीकडून धडा घेतला नि कामाला लागला. मला मात्र एसटीचा सगळा प्रवास लागला, तोही स्वतःशीच भांडत.

शिकवून घेणं म्हणजे मान डोलावणं, असा एक समज आपल्या मंडळ्यांत घट्ट बसलाय. पाळकांपुढे बोलू नये, वडीलजनांना प्रश्न विचारू नये, तो म्हणे नम्रपणा. मला हे मान्य नाही. त्यासाठी पंडिता रमाबाईंकडे पाहावं. 1878 साली, वयाच्या विसाव्या वर्षी, कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. यानंतर माणसाने शिकायचं थांबवलं असतं तर कोणी दोष दिला नसता. त्या इंग्लंडात गेल्या, 1883 साली वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि तिथल्या भगिनींशी पत्रांतून कडाडून वाद घातला. त्रैक्यावर, चर्चच्या अधिकारावर. जे पटलं नाही ते नाही म्हणून सांगितलं. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी कबूल केलं की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हता. जगभर नाव झालेल्या बाईने असं उघड लिहायचं, म्हणजे पुन्हा बिगरीत नाव घालण्यासारखं होतं. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या, कारण त्यांना खेड्यातल्या बायकांना समजेल असं साध्या मराठीत शास्त्र हवं होतं. ज्या हातांना संस्कृतचा डौल होता त्यांनी तो मुद्दाम उतरवून ठेवला. 5 एप्रिल 1922 ला केडगावात त्या गेल्या, तोवर ते भाषांतर पुरं झालं होतं.

ग्रीक नव्या करारात प्रभूच्या बारा जणांसाठी जो शब्द आहे त्याचा अर्थ 'शिकणारा'. आपण त्याला 'शिष्य' म्हणतो. मराठी शिकवणाऱ्याला सवय असते, म्हणून मी एकदा हा शब्द उकलून पाहिला. 'शास्' या धातूपासून तो आला. शिष्य म्हणजे ज्याला शिकवता येईल असा, शिकवण्याजोगा. ग्रीक शब्द माणूस काय करतो ते सांगतो, आपला शब्द तो कसा आहे ते सांगतो. भाषांतरात सहसा काहीतरी सांडतं. इथे थोडं भरूनच आलंय. रमाबाईंना ही व्युत्पत्ती तोंडपाठ असणार.

पुढच्या वर्षी मी त्या खेड्यात पुन्हा गेलो. जुवावरच बोललो, या वेळी दोन बैल घेऊन. उपासनेनंतर बाबांना म्हटलं, "तुमचंच सांगितलं आज." ते म्हणाले, "आमचं कशाचं, बैलाचं." आणि चहा फुंकू लागले. तो गोऱ्हा तोवर जोडीत चालत होता, डाव्या बाजूला.

आता तिथे ट्रॅक्टर आलाय. बाबा नाहीत. त्यांचं जू गोठ्याच्या आढ्याला टांगलेलं आहे, शिवळा गळून गेल्यात.

माझ्या वह्यांच्या डाव्या पानांवर मात्र गर्दी झालीय. उपासनेनंतर लोक जे बोलतात ते मी घरी आल्याबरोबर लिहून ठेवतो, आवडो न आवडो. बऱ्याच नोंदी चुकीच्याही आहेत, तसं मी बाजूला लिहिलंय. एका नर्सबाईंनी मला सांगितलं की कुष्ठरोग्याला स्पर्श करण्यावर बोलताना मी स्वतः हात मागे बांधून उभा होतो. एका कॉलेजच्या पोराने तीन मागी लोकांचा आकडा शास्त्रात दाखवा म्हटलं. दाखवता आला नाही, तिथे दानं तेवढी तीन आहेत. माझ्या बायकोच्या नोंदी सगळ्यांत जास्त, त्या इथे देत नाही.

शेवटची नोंद गेल्या महिन्यातली, तिसरीत शिकणाऱ्या एका मुलीची. "आजोबा, तुमची प्रार्थना सुरू असताना माझे दोन्ही पाय झोपतात." पुढच्या रविवारी मी चार मिनिटांत आमेन म्हटलं.