हात ऐकत नाही तेव्हा
बारामतीहून इंदापूरला जाताना मी गाडीत बऱ्याचदा १९६७ सालचा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ लावतो. त्यातली पंडित ब्रिजभूषण काब्रांची गिटार ऐकून थक्क व्हायला होते. गिटार आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी सरकवायची. तार पडद्यावर दाबायची नसते, त्यामुळे कांडी केसभर हलली तरी सूर ढळतो. कान चूक पकडतो, लहान मेंदू हाताची हालचाल सुधारतो. वर्षानुवर्षांच्या रियाजानंतर ती मींड सहज वाटते.

लकव्यानंतर तुमचा हातही सरावानेच पुन्हा शिकतो. तो पूर्वीसारखा होईलच, असे मी म्हणणार नाही. पण महिन्याभरात फरक दिसला नाही म्हणून फिजिओथेरपी सोडू नका. सांगितलेले व्यायाम रोज, पुन्हा पुन्हा करा.